ट्रकच्या ताडपत्रीवाल्याने शिवलेला कॅमेऱ्याचा रेनकोट

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकच्या कामावर पोट असलेले कारागीर या गावात पूर्वीपासून आहेत. त्यातल्याच एका दुकानातून मी माझ्या कॅमेऱ्याचं आणि बॅगेचं पावसाळी कव्हर शिवून घेतलं. ट्रकच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरची हुडं, रिक्षाचे पडदे, सीट कव्हरं हे त्यांचं रोजचं काम. कॅमेऱ्याचं काम त्यांनी पहिल्यांदा केलं ते माझंच. गेल्या जूनच्या तोंडावर कव्हरं हातात आली, तो सगळा पावसाळा वापरली, यंदाही तीच वापरते आहे. आता त्यांच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, तसं सांगितलंय. मे-जूनमध्ये त्यांच्याकडे शेतकऱ्यांची आणि ट्रकवाल्यांची रांग असते, त्यात फोन वाढायला नकोत. पण ताडपत्री आणि रिक्षाचे पडदे शिवणारा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावात असतो. काय सांगायचं आणि काय मागायचं एवढं कळलं की तुमच्या गावातही हे काम होईल.

मी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला राहते. हिवाळा-उन्हाळा लग्नांचे फोटो काढते आणि पावसाळ्यात शेतात असते. बियाण्यांच्या कॅटलॉगसाठी कापूस, मका, केळी यांचे फोटो लागतात आणि ते पीक उभं असतानाच काढावे लागतात. पीक उभं असतं तेव्हा पाऊस असतो. गाडी म्हणजे स्कूटी, पाठीवर बॅग, बॅगेत निकॉनची कॅमेरा बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या दोन झूम लेन्स, एक फ्लॅश. सगळं हप्त्यांवर घेतलेलं, त्यातल्या एका लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत. पावसाचा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही, हे यावरून लक्षात यावं.

आमच्याकडचा पाऊसही वेगळा आहे. खान्देश पर्जन्यछायेत येतो. कोकणातला माणूस जूनमध्ये घरातून निघतानाच सगळं गुंडाळून निघतो. इथे सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा, आणि मग अर्ध्या तासात बांध फुटतील असा मारा. मधल्या दोन-तीन मिनिटांत तुम्ही कापसाच्या सरीत असाल तर आडोसा कुठेच नसतो. म्हणून इथल्या कव्हराची पहिली परीक्षा वेगाची. ते बॅगेच्या तळातून काढून, उलगडून, दिशा शोधून घालायचं असेल तर पाऊस आधी पोचतो.

बाजारात काय मिळतं ते थोडक्यात सांगते. बहुतेक कॅमेरा बॅगांच्या तळाशी एका कप्प्यात कव्हर दुमडून ठेवलेलं असतं. नायलॉनचं पातळ कापड, आतून पॉलीयुरेथेनचा लेप. नवं असताना ते पाणी अडवतं. पण हा लेप उष्णता आणि दमटपणा दोन्हींनी मरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो, मागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते, आणि काही वर्षांत लेप आतून चिकट होऊन सोलायला लागतो. हाताला चिकट लागलं, आंबूस वास आला की ते कव्हर संपलं असं समजायचं, वरून कितीही धड दिसलं तरी.

दुसरा प्रकार कॅमेऱ्यावर घालायच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा, पुढे नाडी आणि मागे हात घालायला तोंड. स्वस्त असते, वजनाला काहीच नसते, बॅगेत एक कायम असावी. मी ऑनलाइन मागवलेली पिशवी मात्र तुरीच्या शेतात एका फांदीला अडकली आणि उभी फाटली. लग्नाच्या मांडवात, वरातीत ती चालून जाते, शेतात टिकत नाही. तिसरा प्रकार मोठ्या लेन्ससाठी बनवलेल्या महागड्या परदेशी कव्हरांचा. ती उत्तम असतात यात शंका नाही, पण त्यांची किंमत माझ्या फ्लॅशच्या किमतीला जाऊन भिडते, आणि फाटलं तर शिरपुरात दुरुस्त कोण करणार?

बरेच जण म्हणतात, कॅमेरा वेदर सील्ड आहे, कशाला एवढं? यावर थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण नवे मुलगे-मुली याच शब्दावर विसंबून कॅमेरा पावसात काढतात. पाण्यापासून बचाव मोजण्याची एक ठरलेली पद्धत आहे, आयपी रेटिंग. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेलं पाणी सहन होईल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. वेदर सील्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना असा कुठलाच आकडा दिलेला नसतो. जोडांना रबराच्या पट्ट्या लावलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. ओएम सिस्टमच्या ओएम-१ या कॅमेऱ्याला आयपी ५३ हा आकडा दिलेला आहे, तोही ठरावीक लेन्स लावल्यावर. त्यातल्या ३चा अर्थ उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या फवाऱ्यापासून बचाव. खालून येणारं पाणी त्यात बसत नाही. शिवाय वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. रबर जुनं होतं, लेन्स बदलताना त्याला माती लागते, आणि झूम करताना लांब होणारी लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, तिच्याबरोबर ओलही. ७०-२००सारखी आतल्या आत झूम होणारी लेन्स या बाबतीत सुरक्षित.

आप्पांच्या दुकानात गेले तेव्हा मी मनात साधं पिशवीसारखं चित्र घेऊन गेले होते. त्यांनी आधी त्यांच्या अहिराणीत कॅमेरा मागितला. “दखाडा ताई, माप ली लेऊत.” मग मला बॅग पाठीवर घ्यायला लावली, स्कूटीवर बसायला लावलं, आणि मागून-पुढून फिरून बघितलं. म्हणाले, “ताई, पानी वरथीनच नही येत, खालथीन बी येस.” आयुष्यभर ट्रकवरचा माल कोरडा ठेवणाऱ्या माणसाला पाण्याच्या वाटा कळतात, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं.

आणि ते खरंच आहे. बॅगेवरचं तयार कव्हर बॅगेची बाहेरची बाजू झाकतं, पाठीला लागणारी बाजू उघडी राहते. आपण गाडीवर असलो की रेनकोटच्या कॉलरवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली उतरतं. खांद्याच्या पट्ट्यांमधला फोम ते शोषतो आणि शिवणीतून आत देत राहतो. खाली कव्हराचा झोळ होतो, त्यात पाणी साठतं आणि बॅगेचा तळ त्याच पाण्यात बसून राहतो. महामार्गावर शेजारून ट्रक गेला की चाकांचा गढूळ फवारा खालून वर येतो, तो वेगळाच. म्हणजे वरून कोरडी दिसणारी बॅग तळातून आणि पाठीतून भिजते, आणि सगळ्यात जड लेन्स नेमकी तळाशी ठेवलेली असते.

आप्पांनी बॅगेसाठी जे शिवलं ते ट्रकच्या ताडपत्रीच्या बांधणीवरूनच काढलेलं आहे. कापड पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टर, ताडपत्रीपेक्षा हलकं, रिक्षाच्या पडद्याच्या जातीचं. वरचा भाग एकसंध, त्यावर एकही शिवण नाही. पाठीच्या बाजूला एक पदर सोडलाय. बॅग खाली ठेवली किंवा पुढे टांगली की तो ओढून पट्ट्यांसकट सगळं झाकता येतं. पाठीवर असताना तोच पदर पट्ट्यांच्या मागे आत जातो आणि पाठीवरून उतरणारं पाणी बॅगेला न लागता त्याच्यावरून खाली जातं. पट्ट्यांसाठी दोन उभ्या चिरा आहेत, प्रत्येक चिरेवर झडप. तळाशी सगळ्यात खालच्या जागी पितळी रिंग ठोकलेली आहे, त्यातून आत शिरलेलं पाणी गळून जातं. ही एक रिंग मला सगळ्यात जास्त आवडली. पाणी आत येणारच नाही असा दावा करण्यापेक्षा, आलं तर जाईल कुठून, याचा विचार केलेला आहे.

कॅमेऱ्याचं कव्हर जास्त वेळखाऊ निघालं. ते ७०-२०० लावलेल्या बॉडीच्या मापाचं आहे. पुढचं तोंड लेन्सच्या हुडावर, म्हणजे काचेपुढे लावायच्या नळीसारख्या कडेवर, चढतं आणि इलॅस्टिकच्या नाडीने आवळतं. काचेसमोर काहीच येत नाही. पावसात लेन्सचा हुड लावून ठेवणं हीच काचेची खरी छत्री, हे फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. कॅमेरा थोडा खाली झुकवून धरला की पुढची काच बराच वेळ कोरडी राहते. हात घालायला दोन बाजूंनी दोन बाह्या आहेत, रेनकोटाच्या मनगटासारख्या इलॅस्टिकच्या. मागे स्क्रीन दिसावी म्हणून रिक्षाच्या पडद्यात असतं ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक बसवलंय. डोळा लावायच्या जागी गोल भोक आहे, त्यातून आयपीसचं, म्हणजे डोळा टेकवायच्या भागाचं, रबर बाहेर काढून पुन्हा बसवायचं. म्हणजे डोळा प्लॅस्टिकवर नाही, थेट रबरावर टेकतो. हे मी मागितलं होतं, कारण प्लॅस्टिकमधून फोकस बघणं म्हणजे कामाचे पैसे पाण्यात.

गळ्यातल्या पट्ट्यासाठी चिरा कुठे द्यायच्या, यावर आमची चर्चा झाली. मी वर म्हणत होते, कॅमेऱ्याच्या कड्या वर असतात म्हणून. आप्पांनी पट्टा धरून त्यावर पाण्याची धार सोडून दाखवली. पाणी पट्ट्यावरून सरळ कडीपाशी उतरलं. मग त्यांनी पट्टा आतून खाली घेतला आणि कव्हराच्या पोटाच्या, म्हणजे खालच्या बाजूने बाहेर काढला. आता पाणी पट्ट्यावरून येतं आणि खालीच गळतं. मोनोपॉडसाठीही, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका पायाच्या स्टँडसाठी, पोटालाच एक चीर आहे.

शिवण की चिकटवण, हा मुद्दा असं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. सुई गेली की भोक पडतं. दोरा कितीही जाड असला तरी त्या भोकातून पाणी पाझरतं, म्हणून चांगल्या रेनकोटाच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. पीव्हीसीचा फायदा असा, की पीव्हीसीला पीव्हीसी गरम हवेच्या गनने एकजीव करता येतं, भोक न पाडता. मोठ्या ताडपत्र्यांचे जोड असेच मारतात. आप्पांनी वरचे सगळे जोड तसे मारले आणि सुईची शिवण फक्त पोटाकडे आणि इलॅस्टिकच्या घडीत ठेवली. तुमच्या कारागिराकडे गरम हवेचं मशीन नसेल तर शिवण दुहेरी दुमडून, खालच्या बाजूला, आणि वरून शिवणीवर लावायचं सोल्युशन, एवढा आग्रह धरा.

कॅमेरा आत ठेवण्याआधी मी ते तपासून घेतलं. कव्हरात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, लेन्सच्या जागी पाण्याची रिकामी बाटली, आणि घरच्या फवारणी पंपाने चारही बाजूंनी पाणी मारलं. पाठीवरचा तोच पंप, ज्याने कापसावर औषध मारतात. तो आधी दोनदा साबणाने धुऊन घेतला. वर्तमानपत्र यासाठी फार चांगलं, कारण एक थेंबही लागला तरी कागद काळा पडतो आणि तो कुठून आला ते दिसतं. बाकी सगळं कोरडं होतं. स्क्रीनच्या पारदर्शक तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात मात्र ओल सापडली, कारण तिथे शिवण होती. पुढच्या फेरीत कव्हर परत नेलं. आप्पांनी शिवण उसवली, तुकडा मोठा घेतला, गरम हवेने बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दुकानाबद्दल मला सगळ्यात चांगलं सांगायचं असेल तर हेच. दोष दाखवला तर चेहरा पडला नाही. ओला कागद हातात घेऊन त्यांनी बारकाईने बघितला आणि लगेच कामाला बसले.

आता वापराबद्दल.

केळीच्या बागेत पाऊस थांबल्यावरही पाऊस असतो. पानं रुंद, त्यावर साठलेलं पाणी वाऱ्याने एकदम सुटतं आणि ओंजळभर पाणी एका जागी पडतं. एवढा मोठा ठोक पातळ पिशवीला सहन होत नाही, ती कॅमेऱ्यावरून सरकते. हे कव्हर जाड आहे आणि पुढे आवळलेलं आहे, त्यामुळे जागचं हललं नाही. केळीचा चीक ही दुसरी गोष्ट. कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही. पीव्हीसीवर ताजा असताना ओल्या फडक्याने पुसला की निघतो, वाळू दिला की काळपट खूण राहते. माझ्या कव्हरावर अशा दोन-चार खुणा आहेत, कामाला त्याने काही बाधा नाही.

कापसाच्या शेतात उलट. झाडं कमरेपर्यंत आलेली, पानं ओली, आणि बोंडाचा फोटो हवा असेल तर कॅमेरा खाली न्यावा लागतो. पाणी सगळं पोटाकडून लागतं. पोटाला दिलेली दुहेरी घडी इथे कामी आली. गुडघ्यावर बसून कॅमेरा मांडीवर टेकवला तरी चिखल आत गेला नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा आमच्या खान्देशातली देवी कानबाई, तिच्या विसर्जनाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, समोर डफ, मधेच फुगड्या, वर श्रावणाची सर आणि वरून उधळलेला गुलाल. त्या गर्दीत लेन्स बदलायला जागा नसते आणि बदलूही नये. ओला गुलाल लेन्सच्या रिंगमध्ये गेला की ती खरखरते, सर्व्हिसिंगशिवाय सुटत नाही. मी कॅमेरा कव्हरात घालून, नाडी आवळून, शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. अरुणावतीच्या काठावर माझ्या अंगावर कोरडा धागा राहिला नव्हता, कॅमेऱ्याची बॉडी मात्र आत कोरडी होती. त्या दिवसाचे फोटो माझ्या आजवरच्या कामातले मला सगळ्यात आवडणारे आहेत. पावसात थांबता आलं म्हणूनच ते मिळाले. बाकीचे फोटोग्राफर सर आली की दुकानांच्या पत्र्याखाली जात होते.

सातपुड्यातल्या तोरणमाळला हे कव्हर अर्धवट उपयोगी पडलं. शहाद्याहून सातपायरी घाट चढून वर गेलं की सुमारे ११५० मीटरवर पाऊस आणि धुकं वेगळं राहत नाही. धुक्याला कव्हर अडवत नाही, ते काचेवर बसतंच. तिथे उपाय एकच, चारचाकीने गेलात तर तिचा एसी बंद ठेवायचा. थंड झालेली लेन्स दमट हवेत काढली की काच आतून-बाहेरून धूसर होते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू दिली की लेन्स हवेच्या तापमानाला येते, मग काढायची. शहादा-तोरणमाळच्या या जंगलाला पक्षी बघणारे लोक खास मान देतात. १८८४नंतर कोणालाच खात्रीने न दिसलेला रानपिंगळा १९९७च्या नोव्हेंबरमध्ये याच शहाद्याच्या परिसरात पुन्हा सापडला, ११३ वर्षांनी. रानपिंगळा दिवसा वावरतो, त्यामुळे त्याच्यासाठी येणारे फोटोग्राफर दिवसभर सागाच्या झाडांखाली उभे असतात. त्यांच्यासाठी एक इशारा, या कव्हराचा आवाज होतो. पीव्हीसी कुरकुरतं. पक्ष्यांसाठी शिवून घ्यायचं असेल तर मऊ नायलॉनचं घ्या आणि शिवणींवर पट्टी मारून घ्या.

दोष आणखीही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. वजन जास्त आहे. बॅग दिवसभर पाठीवर असेल तर संध्याकाळी ते जाणवतं. मागचं पारदर्शक प्लॅस्टिक हाताच्या उष्णतेने आतून धूसर होतं; मी आत एक छोटा सुती रुमाल ठेवते आणि मधे मधे पुसते, पण हा त्रास आहेच. ऊन पडलं की तेच प्लॅस्टिक मऊ पडून स्क्रीनला चिकटतं. काळ्या रंगामुळे उन्हात कॅमेरा तापतो, म्हणून पाऊस थांबला की कव्हर लगेच काढावं लागतं. काळाच रंग उपलब्ध होता. राखाडी मिळाला तर तोच घ्या. झूमची रिंग बाहीतून फिरवता येते, पण बोटांना ती दिसत नाही, सवय व्हायला वेळ लागतो. आणि २४-७० लावली की पुढे कापड लोंबतं, तिला हे कव्हर चालत नाही. प्रत्येक लेन्सला वेगळं कव्हर, हा मापाने शिवण्याचा तोटा.

वेल्क्रो अजिबात लावून घेऊ नका. आप्पांनी बॅगेच्या कव्हराला एका जागी लावलं होतं, चिखल आणि गवताच्या कुसळांनी भरून ते पकडेनासं झालं. मी ते काढून तिथे साधं बटण लावून घेतलं.

घरी आल्यावरचं काम मात्र कव्हर करत नाही, ते आपणच करायचं. ओलं कव्हर कॅमेऱ्यावर तसंच ठेवून झोपलात तर बाहेरचं पाणी अडवून आतली दमट हवा तुम्हीच कोंडून ठेवता. कव्हर उलटं करून दोरीवर, सावलीत. कॅमेरा कोरड्या पंचाने टिपून, पुसून नाही, कारण पुसताना मातीचे कण काचेवर घासतात. बॅगेचे कप्पे काढून पंख्याखाली. पट्टाही सोडून वाळवायचा, ओला पट्टा रात्रभर ओल देत राहतो. मग बॉडी आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह. रंग बदलणारं जेल घ्या. केशरी हिरवं झालं, किंवा निळं गुलाबी झालं, की त्याने भरपूर ओल घेतली असं समजायचं आणि मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचं. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम. ४० ते ५० टक्के चांगलं, ६५च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर लेन्सच्या आत बुरशीला वाट मिळते. बुरशी काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही खूण राहते. कॅमेऱ्यात पाणी गेल्याची शंका आली तर चालू करून बघायचा मोह टाळायचा, बॅटरी आणि कार्ड काढायचं आणि सर्व्हिस सेंटर गाठायचं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने आतलं पाणी निघत नाही, वर तांदळाचा भुसा फटींत जातो.

पैशांचं सांगायचं तर कॅमेऱ्याच्या कव्हराला ४५० आणि बॅगेच्या कव्हराला ६०० रुपये लागले, कापड त्यांचंच. वाट बघावी लागली, कारण मी गेले तेव्हा खळ्यावर मका झाकायच्या ताडपत्र्यांची कामं आधी होती, आणि ती आधीच व्हायला हवीत. म्हणून जायचं असेल तर एप्रिलमध्ये जा, किंवा मग पोळा झाल्यावर. जाताना कॅमेरा, लेन्स, तिचा हुड आणि नेहमी वापरता ती भरलेली बॅग घेऊन जा, माप तोंडी सांगू नका. पट्टा पोटाकडून, जोड गरम हवेने, तळाला रिंग, ही तीन कामं नावाने मागा. आप्पांकडे मी आता २४-७०साठी दुसरं कव्हर टाकलंय, राखाडी कापड आलं की शिवायचं ठरलंय, आणि या वेळी स्क्रीनच्या आत धूसर होऊ नये म्हणून वर एक झाकलेली छोटी झडप देऊन बघणार आहेत.